वाचकांचे प्रश्न : रिकाम्या वाटणाऱ्या कबरी

या वेळचे प्रश्न इंग्लंडमधल्या उत्तर अँग्लो-सॅक्सन काळातील दफनांविषयी आहेत. हा काळ साधारण इ. स. ८५० पासून १०६६ च्या नॉर्मन विजयापर्यंतचा. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : सटन हूच्या सातव्या शतकातील कबरीत २७ मीटर लांबीचे जहाज, सोने, शिरस्त्राण, चांदीची भांडी सापडली. त्यानंतर दोन-तीनशे वर्षांनी पुरलेल्या माणसाची कबर उघडली तर हाडांशिवाय काही हाती लागत नाही. लोक गरीब झाले होते, की चर्चने वस्तू ठेवायला बंदी केली?

उत्तर : दोन्ही नाही. अशी बंदी घालणारा एकही कायदा किंवा धर्मसभेचा ठराव उपलब्ध नाही. रोमहून आलेला धर्मप्रचारक ऑगस्टीन केंटमध्ये उतरला ५९७ साली, आणि कबरीत वस्तू ठेवणे जवळजवळ संपले ते ६७० ते ६९० च्या आसपास. म्हणजे बाप्तिस्मा घेतल्यावरही दोन-तीन पिढ्या लोक दागिने आणि शस्त्रे घेऊनच मातीत जात होते. चर्चची स्वतःची माणसेही अपवाद नव्हती. संत कथबर्ट ६८७ मध्ये वारला. त्याच्या शवपेटीत १८२७ मध्ये गार्नेटचे लाल खडे जडवलेला सोन्याचा क्रूस मिळाला. त्याच पेटीत रेशमावर सोन्याच्या तारेने भरलेली धर्मगुरूची वस्त्रे होती. ती दहाव्या शतकाच्या आरंभी विंचेस्टरचा बिशप फ्रिथेस्टन याच्यासाठी तयार झाली होती आणि राजा एथेलस्टनने ९३४ च्या सुमारास ती कथबर्टला वाहिली.

गरिबीचे म्हणाल, तर दहाव्या-अकराव्या शतकातील इंग्लंड पश्चिम युरोपातील सधन राज्यांपैकी एक होते. चांदीची नाणी देशभर एकाच पद्धतीने पाडली जात. बदल झाला तो खर्चाच्या जागेत. पूर्वी संपत्ती मृताच्या अंगावर चढत असे. आता ती शवपेटीवर, वरच्या दगडावर, चर्चच्या आवारातील जागेवर आणि सर्वांत जास्त म्हणजे मृतासाठी होणाऱ्या प्रार्थनांवर जाऊ लागली. यातला पहिला भाग जमिनीत सापडतो, दुसरा चर्मपत्रांवर. एकच बाजू पाहणाऱ्याला ही दफने रूक्ष वाटतात, आणि दुर्दैवाने बरीच वर्षे अभ्यासकांनीही त्यांच्याकडे तशाच नजरेने पाहिले.

प्रश्न : मरणापासून कबरीत ठेवण्यापर्यंत नेमके काय काय केले जाई? क्रमाने सांगावे.

उत्तर : मठातील माणसांबद्दल सर्वांत तपशीलवार माहिती मिळते ती ९७० च्या सुमारास विंचेस्टरमध्ये ठरवलेल्या मठ-नियमावलीत. साधूचे दुखणे वाढले की इतर साधू त्याच्याजवळ येऊन स्तोत्रे म्हणत, त्याला तेल लावण्याचा विधी होई आणि ख्रिस्तप्रसाद दिला जाई. प्राण जाण्याची वेळ आली की लाकडी फळी वाजवून सगळ्यांना बोलावत. मृत्यूनंतर देह धुऊन स्वच्छ कपडे घालत : सदरा, टोपीचा झगा, पायमोजे, जोडे. धर्मगुरू असेल तर वर गळपट्टा. मग घंटा वाजत असताना, स्तोत्रे म्हणत देह चर्चमध्ये नेला जाई आणि पुरेपर्यंत स्तोत्रपाठात खंड पडू देत नसत. रात्री मृत्यू झाला आणि सकाळी तयारी होऊ शकली, तर साधूंच्या जेवणाआधीच दफन उरकत.

सामान्य माणसासाठी काय? अकराव्या शतकाच्या मध्यातील दोन-तीन हस्तलिखितांत आजाऱ्याला भेटण्याचे आणि दफनाचे विधी दिले आहेत. प्रार्थना लॅटिनमध्ये आहेत, पण ‘आता हे करा, नंतर ते करा’ अशा सूचना इंग्रजीत लिहिल्या आहेत. गावातल्या धर्मगुरूचे लॅटिन बेताचे असे आणि मरणाच्या खोलीत चूक करून चालत नव्हते. कबुली, तेल, ख्रिस्तप्रसाद हा मूळ क्रम तिथेही तोच आहे.

घरात मात्र सगळे इतके शांत नसे. एल्फ्रिक या विद्वान साधूने ९९० च्या दशकात शेरबोर्नचा बिशप वुल्फसिगे याच्यासाठी धर्मगुरूंना उद्देशून एक पत्र लिहून दिले. त्यात तो बजावतो की कोणी मेले म्हणून आनंद मानू नका, बोलावल्याशिवाय प्रेताकडे जाऊ नका. गेलात तर लोकांची जुनी गाणी आणि मोठमोठ्याने हसणे बंद करा, आणि प्रेत ठेवलेल्या जागी खाऊ-पिऊ नका. इतके बारकाईने मना करावे लागते याचा अर्थ प्रेताशेजारी रात्र जागवणे, गाणी आणि पिणे सर्रास चालत होते, आणि धर्मगुरूही त्यात बसत असत.

अंत्ययात्रा डोळ्यांनी पाहायची असेल तर बायो टॅपेस्ट्रीतील एडवर्ड द कन्फेसरचा प्रसंग पाहावा. हे भरतकाम १०७० च्या दशकातले आहे. एडवर्ड ५ जानेवारी १०६६ रोजी वारला आणि दुसऱ्याच दिवशी वेस्टमिन्स्टरच्या मठात पुरला गेला. त्या चर्चचे अभिमंत्रण जेमतेम नऊ दिवसांपूर्वी, २८ डिसेंबरला झाले होते. चित्रात आठ माणसांनी तिरडी खांद्यावर घेतली आहे, वर भरजरी आच्छादन आहे, तिरडीखाली दोन लहान मुले हातातल्या घंटा वाजवत चालली आहेत आणि मागे ग्रंथ घेतलेले धर्मगुरू आहेत. एक इशारा : कापडावर अंत्ययात्रा आधी येते आणि मृत्युशय्या तिच्यानंतर. डावीकडून उजवीकडे सरळ वाचत गेलात तर राजा पुरल्यावर मेला असे वाटेल. मृत्युशय्येच्या खालच्या चौकटीत देह कापडात गुंडाळला जात आहे. राजालाही शेवटी कफनातच गुंडाळले, ही गोष्ट त्या काळची कबर वाचताना लक्षात ठेवण्याजोगी आहे.

प्रश्न : लाकूड कुजून गेलेले असते. मग माणूस पेटीत होता की नुसत्या कफनात, हे उत्खनन करणाऱ्यांना कसे कळते? कोळशावर पुरलेल्या प्रेतांविषयीही वाचले होते, त्यामागचा हेतू काय?

उत्तर : हाडे कशी पडली आहेत त्यावरून. पेटीत देहाभोवती पोकळी असते. मांस गेले की हाडांना हलायला जागा मिळते. कवटी एका बाजूला कलंडते, खालचा जबडा गळून पडतो, गुडघ्याच्या वाट्या घसरतात, पावलांची हाडे विखुरतात. देहावर थेट माती टाकली असेल तर मातीच हाडांना जागच्या जागी धरून ठेवते. घट्ट कफन असेल तर खांदे वर आणि आत ओढलेले, गुडघे व घोटे एकमेकांना चिकटलेले, हात कमरेवर आवळलेले दिसतात. म्हणून सांगाडा उचलण्यापूर्वी प्रत्येक लहान हाडाची जागा नकाशावर घ्यावी लागते. घाईने कवटी आधी काढली की निम्मा पुरावा गेला.

नॉर्थहॅम्प्टनशायरमधील रॉन्ड्स येथील फर्नेल्सच्या दफनभूमीत ही पद्धत फार काळजीपूर्वक वापरली गेली. दहाव्या शतकात एका जमीनदाराच्या वाड्याशेजारी लहानसे चर्च उभे राहिले, त्याभोवती साडेतीनशेहून अधिक लोक पुरले गेले, आणि बाराव्या शतकानंतर त्या जागेवर फारशी बांधकामे न झाल्यामुळे संपूर्ण दफनभूमी १९७७ पासून उत्खनित करता आली. असे भाग्य क्वचितच लाभते. चालू चर्चच्या आवारात हजार वर्षे एकावर एक कबरी खणल्या जातात आणि जुन्या सांगाड्यांचे पाय नाही तर डोके कापले गेलेले असते.

रॉन्ड्सचे दगड पाहण्यासारखे आहेत. अनेक कबरींत डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक दगड उभा केला आहे, काही ठिकाणी डोक्याखाली आहे. हेतू असा की चेहरा वर, आकाशाकडे राहावा आणि डोके कलंडू नये. सर्व कबरींत डोके पश्चिमेला आणि पाय पूर्वेला. पुनरुत्थानाच्या दिवशी उठणाऱ्याचे तोंड पूर्वेकडे असावे ही त्यामागची श्रद्धा. दिशेत थोडा फरक दिसला म्हणून लगेच वेगळ्या धर्माचा तर्क करू नये. कबर खणणारा सूर्य नव्हे तर चर्चची भिंत किंवा शेजारची कबर पाहून रेघ धरतो, आणि चर्च तिरके असले की कबरीही तिरक्या होतात.

पेट्यांचे प्रकार बरेच. खिळे सापडले नाहीत म्हणून पेटी नव्हती असे म्हणणे ही नेहमीची चूक. लिंकनशायरमधील बार्टन-अपॉन-हंबर येथे सेंट पीटर चर्चच्या आवारात पाणथळ मातीमुळे या काळातील ओकच्या पेट्या टिकल्या, आणि त्या लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या निघाल्या. लोखंडाचा खिळाही नाही. कोरड्या मातीत अशा पेटीचा काहीच मागमूस उरला नसता. तिथे काही मृतांसोबत हेझेलच्या काठ्याही ठेवलेल्या होत्या. त्यामुळे ‘कबरीत काही ठेवत नसत’ हे विधान लाकूड टिकते अशा मातीत लगेच सैल पडते.

याउलट, यॉर्क मिन्स्टर या मोठ्या चर्चचा पाया बळकट करताना १९६७ नंतर जे उत्खनन झाले त्यात कुलूप, बिजागऱ्या आणि लोखंडी पट्ट्या असलेल्या पेट्या आढळल्या. घरातल्या कपड्यालत्त्यांच्या मोठ्या पेट्याच शवपेटी म्हणून वापरल्या होत्या. तिथेच होडीच्या फळ्या जोडण्याचे खिळेही मिळाले, म्हणजे मोडीतली होडी कापून तिच्या फळ्या कामी लावल्या गेल्या. सर्वांत खर्चिक ती अखंड दगडात कोरलेली पेटी. तिच्या वाहतुकीचाच खर्च सामान्य कुटुंबाला झेपणारा नव्हता.

आता कोळसा. नवव्या ते बाराव्या शतकात कबरीच्या तळाशी कोळशाचा थर पसरायचा, त्यावर देह किंवा पेटी ठेवायची, कधी वरूनही कोळसा घालायचा, अशी पद्धत होती. विंचेस्टर, ग्लॉस्टर, वूस्टर, हेरफर्ड, एक्झिटर, ऑक्सफर्ड, लिंकन, यॉर्क असा तिचा विस्तार आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती मोठ्या चर्चच्या आवारात, मानाच्या जागी दिसते. कोळसा बहुधा ओकचा. हा कोळसा प्रेत जाळल्याचा नाही. हाडांवर भाजल्याची खूण नसते आणि कोळसा बाहेर तयार करून आणलेला असतो. हेतूंबद्दल तीन मते आहेत : राखेवर निजणे हे पश्चात्तापाचे चिन्ह, देहातील द्रव शोषून घेणारा स्वच्छ बिछाना, किंवा पुढे कोणी खणले तर काळा थर पाहून थांबावे. आम्हाला पहिल्या दोहोंत विरोध दिसत नाही. ज्या समाजात पवित्र माणसाचा देह कुजत नाही अशी श्रद्धा होती, तिथे स्वच्छता आणि पश्चात्ताप या एकाच इच्छेच्या दोन बाजू होत्या.

कोळसा मिळाला की त्यावरून कालमापन करण्याचा मोह होतो, पण तिथे जपून. कार्बन-१४ ची तारीख त्या लाकडाची वाढ कधी झाली ते सांगते. ओकचा गाभा झाड तोडण्याच्या शंभर-दोनशे वर्षे आधीचा असू शकतो, आणि कबर तितकी जुनी ठरते. हाडांची तारीख अधिक भरवशाची, मात्र माणूस भरपूर समुद्री मासे खाणारा असेल तर तीही खऱ्यापेक्षा जुनी येते आणि दुरुस्त करून घ्यावी लागते. कबरीच्या भरावातील रोमन खापरांवरून तर काहीच ठरवू नये. ती आधीपासून त्या मातीत होती, खणताना वर आली आणि भरताना आत गेली.

प्रश्न : दफनासाठी पैसे द्यावे लागत का? किती, आणि कोणाला?

उत्तर : द्यावे लागत. त्याला सोल-स्कॉट म्हणत, म्हणजे आत्म्यासाठीचे देणे. राजा एथेलरेडच्या १००८ च्या कायद्यात म्हटले आहे की हे देणे कबर उघडी असतानाच देणे उत्तम. पुढचे वाक्य अधिक बोलके आहे : देह आपल्या चर्चच्या हद्दीबाहेर दुसरीकडे पुरला, तरी पैसे मूळ चर्चलाच मिळाले पाहिजेत. नंतरचा राजा कनूट याने हाच नियम पुढे चालू ठेवला. कायद्याने दर ठरवून दिलेला नाही. श्रीमंतांच्या मृत्युपत्रांत याच हेतूने जमिनी आणि सोने दिलेले दिसते.

यामागे एका चर्चची दुसऱ्या चर्चशी ओढाताण होती. आधी मोठ्या प्रदेशासाठी एकच जुने प्रमुख चर्च असे आणि दफनाचा हक्क त्याचा. दहाव्या शतकात जमीनदार आपापल्या वाड्याशेजारी लहान चर्चे बांधू लागले, जसे रॉन्ड्सला. तिथे दफनभूमी झाली की जुन्या चर्चचे उत्पन्न घटले. राजा एडगरने (राज्यकाल ९५९ ते ९७५) तोडगा काढला : जमीनदाराच्या चर्चला दफनभूमी असेल तर त्याने आपल्या दशांशाचा (चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाचा) तिसरा हिस्सा तिथे द्यावा, दफनभूमी नसेल तर आपल्या धर्मगुरूला उरलेल्या नऊ भागांतून हवे ते द्यावे, पण दशांशाला हात लावू नये. चर्चची पायरी दफनभूमीवरून ठरू लागली. १०१४ च्या कायद्यात चर्चचे संरक्षण मोडल्याबद्दलचे दंड असे आहेत : प्रमुख चर्च ५ पौंड, मध्यम चर्च १२० शिलिंग, फारशी उपासना होत नसली तरी दफनभूमी असलेले लहान चर्च ६० शिलिंग, आणि दफनभूमी नसलेले शेतातले चर्च ३० शिलिंग. दक्षिणेतल्या वेसेक्स राज्याच्या हिशेबात शिलिंग म्हणजे ५ पेनी आणि पौंड २४० पेनींचा, तेव्हा ५ पौंडांचे २४० शिलिंग होतात. प्रत्येक पायरीला दंड बरोबर निम्मा होत जातो.

जमीन मात्र आपोआप दफनभूमी होत नसे. बिशपने येऊन ती अभिमंत्रित करावी लागे. दहाव्या शतकातील इंग्रज बिशपांच्या विधिग्रंथांत या विधीच्या प्रार्थना आहेत. बिशप पवित्र जल शिंपडत हद्दीने फिरतो, चारही कोपऱ्यांवर थांबून प्रार्थना म्हणतो आणि शेवटी मध्यभागी येतो. कुंपण, खंदक किंवा दगडांची रांग हद्द दाखवी. एकदा ही रेघ आखली की आत कोण आणि बाहेर कोण हा प्रश्न उभा राहिलाच.

प्रश्न : मग बाहेर कोण राहत असे?

उत्तर : एथेलस्टनच्या ग्रेटली येथे केलेल्या कायद्यात (९२० च्या दशकाचा शेवट किंवा त्यानंतर लगेच) खोटी शपथ घेणाऱ्याला अभिमंत्रित भूमीत पुरू नये असे आहे, त्याने बिशपने सांगितलेले प्रायश्चित्त पूर्ण केल्याची साक्ष बिशपने दिली तरच सूट. दंड देहाला आणि आत्म्याला एकाच वेळी बसतो.

ज्यांना देहदंड झाला त्यांची जागा गावापासून दूर, प्रशासकीय हद्दीच्या रेघेवर, बहुतेकदा एखाद्या प्राचीन टेकाडाजवळ. सटन हूच्या राजेशाही टेकाडांभोवतीच आठव्या ते अकराव्या शतकातील सुमारे चाळीस जणांची अशी दफने आहेत. कोणी पालथे, कोणी गुडघ्यावर, काहींचे हात मागे बांधलेले, काहींचे शिर तोडलेले. तिथल्या रेताड मातीत हाडेही विरली आणि देहाच्या आकाराचा गडद वाळूचा उंचवटा तेवढा राहिला. यॉर्कशायरमधील वॉकिंग्टन वोल्ड येथे कवट्या धडांपासून वेगळ्या मिळाल्या. जमिनीच्या सनदांत हद्दीवर शिरे लावलेल्या खांबांचे उल्लेख येतात, त्यांच्याशी हे जुळते.

पालथा सांगाडा दिसला की गुन्हेगार, असे समीकरण मांडू नये. चर्चच्या आवारातही अधूनमधून पालथे दफन मिळते आणि ते घाईचे, पेटी उलटल्याचे किंवा नम्रतेचेही असू शकते. हद्दीवरची जागा, बांधलेले हात, मानेच्या मणक्यावरचे घाव आणि उथळ, आखूड खड्डा या खुणा एकत्र आल्या तरच निष्कर्ष काढावा.

प्रश्न : तान्ह्या मुलांना चर्चच्या भिंतीला लागून पुरत असत, छपराचे पाणी त्यांच्यावर पडावे म्हणून, हे खरे का?

उत्तर : पहिला भाग खरा. रॉन्ड्सला भिंतीलगतच्या अरुंद पट्ट्यात अगदी लहान मुलांच्या कबरी दाटीने आहेत, आणि इतरत्रही हे दिसते. पाण्याची कल्पना मात्र आधुनिक अभ्यासकांनी मांडलेला अर्थ आहे : पवित्र छपरावरून ओघळलेले पाणी म्हणजे जणू चालू राहिलेला बाप्तिस्मा. त्या काळातील कोणी तसे लिहून ठेवलेले नाही. बाप्तिस्म्याची धास्ती मात्र नक्की होती. वेसेक्सचा राजा ईने याच्या सातव्या शतकाच्या अखेरच्या कायद्यात मुलाला ३० दिवसांत बाप्तिस्मा न दिल्यास ३० शिलिंग दंड आहे. नॉर्थम्ब्रियातील धर्मगुरूंसाठीच्या अकराव्या शतकातील नियमांत ही मुदत ९ दिवसांवर येते. ज्या आईवडिलांचे मूल आठवड्याभरात गेले, त्यांना ते शक्य तितके वेदीजवळ ठेवावेसे वाटले असेल, एवढे तरी नक्की म्हणता येते.

अभ्यासकाने घ्यायची काळजी : मुलांच्या कबरी उथळ असतात, हाडे मऊ असतात, आम्लधर्मी मातीत ती पूर्ण विरघळतात आणि नंतरच्या बांधकामांचा पाया खोदताना भिंतीलगतचा पट्टाच आधी नष्ट होतो. मुले सापडली नाहीत याचा अर्थ मुले पुरली नव्हती असा नाही.

प्रश्न : पाठीला बाक असलेल्या, दोन्ही टोकांना अस्वले कोरलेल्या त्या दगडांखाली कबरी आहेत का?

उत्तर : हे हॉगबॅक. साधारण ९२० ते ९७० च्या दरम्यान, उत्तर इंग्लंडमध्ये, स्कँडिनेव्हियन वसाहतवाल्यांच्या प्रभावाखाली घडले. आकार लांबट घराचा, छपरावर कौले कोरलेली. सर्वांत देखणे नॉर्थ यॉर्कशायरमधील ब्रॉम्प्टनला आहेत. जवळजवळ सगळे मूळ जागेवरून हलवलेले असल्यामुळे एखादा दगड अमुक सांगाड्यावरचा असे दाखवता येत नाही, पण स्मारकशिला म्हणूनच ते घडले हे सर्वमान्य आहे.

प्रश्न : सामान्य कबरीवर नाव लिहीत असत का? आणि नाव नसेल तर मृताची आठवण ठेवायची कशी?

उत्तर : नाव क्वचित. हॅम्पशायरमधील व्हिटचर्चला नवव्या शतकातील फ्रिथबर्गा या स्त्रीचा देह इथे शांततेत विसावला आहे असे सांगणारी लॅटिन शिळा आहे. विंचेस्टरच्या ओल्ड मिन्स्टर या चर्चच्या आवारात ‘इथे गुन्नी निजला आहे, अर्लचा सोबती’ अशा अर्थाचा इंग्रजी लेख मिळाला (अर्ल म्हणजे मोठा सरदार). लिंकनशायर आणि केंब्रिजच्या परिसरात गुंफणीची नक्षी असलेल्या शिळा खाणीजवळ ठरावीक नमुन्यांत घडवून विकल्या जात, पण त्यांवर अक्षर नाही. बहुतेक कबरींवर नुसता मातीचा उंचवटा किंवा लाकडी खूण असावी. कबरींच्या रांगा एकमेकींना न कापता वर्षानुवर्षे चालू राहतात, त्याअर्थी खुणा होत्या.

नाव जिवंत राहायचे ते दगडापेक्षा तोंडी आणि चर्मपत्रावर. मठात ‘जीवनग्रंथ’ ठेवत, तो वेदीवर असे आणि त्यातील नावांसाठी मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना, अर्पण होई. डरहमच्या ग्रंथाचा मूळ भाग नवव्या शतकातला. त्यात ३,००० हून अधिक नावे आहेत आणि ती एक सोन्याने, एक चांदीने अशी आळीपाळीने लिहिली आहेत. विंचेस्टरच्या न्यू मिन्स्टरचा ग्रंथ १०३१ चा. त्याच्या आरंभी कनूट आणि राणी एमा वेदीवर मोठा क्रूस ठेवत असल्याचे रेखाचित्र आहे. यादीत नाव जाण्यासाठी साधू असण्याची गरज नव्हती. देणगीदार, त्यांचे आईवडील, मुले असे सगळेच येत.

प्रार्थनांचे हिशेब अगदी काटेकोर असत. ८१६ च्या चेल्सी येथील धर्मसभेने ठरवले की बिशप वारला तर त्याच्या मालमत्तेचा दहावा हिस्सा गरिबांना द्यावा, आणि प्रत्येक बिशप व मठाधिपतीने ६०० स्तोत्रे आणि १२० मिस्सा करवाव्यात, तीन माणसे गुलामीतून मुक्त करावीत व प्रत्येकाला ३ शिलिंग द्यावेत. गुलामांची मुक्तता हे मृताच्या आत्म्यासाठी केलेले पुण्यकर्म होते. एथेलगिफू या श्रीमंत स्त्रीचे दहाव्या शतकाच्या अखेरचे मृत्युपत्र वाचा. ती काही स्त्रियांना मुक्त करते, पण अट अशी की त्यांनी पहिले ३० दिवस दर आठवड्याला संपूर्ण स्तोत्रसंहिता चार वेळा आणि मग वर्षभर दर आठवड्याला एकदा म्हणावी. संहितेत १५० स्तोत्रे आहेत. चार वेळा म्हणजे आठवड्याला ६००. गुलामीतून सुटलेल्या बाईला हे सारे तोंडपाठ असणे गृहीत धरले आहे, आणि त्या काळच्या स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल यातून जे कळते ते फार मोलाचे आहे.

श्रीमंती नसलेल्यांसाठी मंडळे होती. डॉर्सेटमधील अ‍ॅबट्सबरी येथे कनूटच्या सेवेतील ऑर्क याने स्थापलेल्या मंडळाचे अकराव्या शतकातील नियम टिकले आहेत. सभासद वारला तर प्रत्येकाने प्रेताजवळ १ पेनी द्यायची. चुकवली तर ३. सभासद साठ मैलांच्या आत कुठे आजारी पडला तर त्याला आणायला पंधरा माणसे पाठवायची, आणि वारला असेल तर तीस, म्हणजे त्याने जिवंतपणी मागितलेल्या जागी देह पोचवता येईल. मेलेल्यासाठी दुप्पट माणसे, बहुधा खांदे बदलत न्यावे लागे म्हणून. केंब्रिजच्या मंडळात अंत्ययात्रेला न येणाऱ्याला दंड म्हणून एक माप मध द्यावा लागे, अंत्यभोजनाचा निम्मा शिधा मंडळ पुरवी आणि प्रत्येक जण दानासाठी २ पेनी काढी. एक्झिटरच्या मंडळात एका सभासदाच्या मृत्यूनंतर इतरांनी प्रत्येकी सहा मिस्सा किंवा सहा वेळा स्तोत्रसंहिता करवायची होती.

देह इच्छिलेल्या जागी नेण्याबद्दल लोक किती आग्रही होते ते मोठ्या माणसांच्या बाबतीत स्पष्ट दिसते. मध्य इंग्लंडमधील मर्सियाची राज्यकर्ती एथेलफ्लेड ९१८ मध्ये टॅमवर्थला वारली. तिला सुमारे शंभर किलोमीटर दूर ग्लॉस्टरला, तिने आणि नवऱ्याने उभारलेल्या चर्चमध्ये पुरले. ९९१ च्या व्हायकिंगांविरुद्धच्या माल्डनच्या लढाईत सरदार बिर्टनॉथ पडला आणि शत्रूने त्याचे शिर नेले. ईलीच्या साधूंनी धड आणून शिराच्या जागी मेणाचा गोळा ठेवून त्याला पुरले, आणि पत्नी एल्फ्लेडने त्याच्या पराक्रमाचे भरतकाम असलेला पडदा चर्चला दिला, असे ईलीचा बाराव्या शतकातील इतिहास सांगतो. उलट टोक हार्थाकनूटचे. १०४० मध्ये गादीवर येताच त्याने सावत्र भाऊ हॅरल्ड हेअरफूटचा देह वेस्टमिन्स्टरमधून उकरून दलदलीत फेकायला लावला. मेलेल्या माणसाला याहून मोठी शिक्षा त्या समाजाला माहीत नव्हती.

प्रश्न : यातले आज प्रत्यक्ष काय पाहता येते? आणि इंग्लंडमध्ये खोदकामात अशी हाडे निघाली तर काय करतात?

उत्तर : एकच ठिकाण निवडायचे तर ग्लॉस्टरशायरमधील डीअरहर्स्ट. अर्ल ओडाचा भाऊ एल्फ्रिक १०५३ मध्ये तिथे वारला. ज्या जागी भावाच्या आत्म्याने देह सोडला तिथेच ओडाने प्रार्थनागृह बांधले, आणि बिशप एल्ड्रेडने १२ एप्रिल १०५६ रोजी ते अभिमंत्रित केले. हे सगळे शिलालेखात आहे. मूळ शिळा ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. इमारत मध्ययुगानंतर शेतघराच्या आत गडप झाली होती आणि एकोणिसाव्या शतकात पुन्हा ओळखली गेली. बार्टनला सेंट पीटरचा अँग्लो-सॅक्सन मनोरा उभा आहे. तिथल्या अडीच हजारांहून अधिक सांगाड्यांचा अभ्यास झाल्यावर ते चर्चमध्येच अस्थिकक्षात परत ठेवले आहेत, त्यामुळे पुन्हा अभ्यास करायची सोय राहिली.

हाडे निघाली की काम थांबवून आधी पोलिसांना कळवतात. ती प्राचीन असल्याची खात्री झाली तरी मनाने उचलता येत नाहीत. १८५७ च्या दफन कायद्यानुसार न्याय मंत्रालयाचा परवाना लागतो, आणि जमीन चर्च ऑफ इंग्लंडच्या अभिमंत्रित हद्दीत असेल तर बिशपच्या न्यायालयाची परवानगी. परवान्यात हाडे कशी हाताळायची, लोकांच्या नजरेआड कशी ठेवायची आणि अभ्यासानंतर पुन्हा पुरायची की जतन करायची याच्या अटी असतात.